एकटीच्या गावाची शिरगणती

२०१० ते २०२० या दहा वर्षांत अमेरिकेतल्या मोनोवाय या गावाची लोकसंख्या शंभर टक्क्यांनी वाढली. एवढी मजल न्यूयॉर्कला मारता आली नाही, ह्यूस्टनलाही नाही. पण त्या दहा वर्षांत मोनोवायमध्ये राहायला कोणीच आलं नव्हतं. २०१०च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या होती १, ती २०२०मध्ये झाली २. आधीपासूनची एक व्यक्ती म्हणजे एल्सी आयलर. दुसरं माणूस कोण, याचा पत्ता त्यांनाही नव्हता. पत्रकार विचारायला गेले तेव्हा, माझ्याखेरीज इथे कोणी राहत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

मोजणाऱ्याने हलगर्जी केली म्हणावी, तर तसंही नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याने त्या वर्षी देशातल्या बहुतेक सगळ्या लहान गावांचे आकडे जाहीर करण्यापूर्वी मुद्दाम थोडे हलवले होते, आणि तेही कायदा पाळण्यासाठी. मोनोवायच्या वाट्याला त्यातूनच एक माणूस आलं.

आधी गाव पाहू. नेब्रास्का राज्याच्या उत्तर टोकाला, साउथ डकोटाच्या सीमेला लागून बॉइड काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका म्हणा किंवा जिल्हा म्हणा. अधिकार जिल्ह्याचे, इथली माणसं मात्र एखाद्या मोठ्या खेड्याइतकी. मिसुरी आणि नायोब्रारा या दोन नद्यांच्या मधल्या चढउतारांच्या गवताळ प्रदेशात, राज्यमार्ग १२च्या कडेला मोनोवाय वसलं आहे. क्षेत्रफळ अर्ध्या चौरस किलोमीटरहून किंचित जास्त. रस्त्यावरच्या हिरव्या पाटीवर गावाचं नाव आणि त्याखाली १ हा आकडा. अमेरिकेत गावाच्या वेशीवर लोकसंख्या लिहिण्याची पद्धतच आहे, त्यामुळे या पाटीसमोर उभं राहून फोटो काढून घेणाऱ्यांची संख्या गावच्या लोकसंख्येच्या कित्येक पट असते.

हा सगळा टापू मुळात पोन्का या मूळ अमेरिकी, तेव्हाच्या भाषेत ‘इंडियन’, लोकांचा. १८७७ साली सरकारने त्यांना इथून उठवून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात नेऊन टाकलं. तिथे रोगराईने माणसं मेली. पोन्कांचा एक प्रमुख स्टँडिंग बेअर याचा मुलगाही गेला. त्याला पूर्वजांच्या मातीत पुरायचं म्हणून १८७९च्या जानेवारीत, ऐन थंडीत, स्टँडिंग बेअर तीसेक माणसं घेऊन पायी उत्तरेला निघाला. वाटेत सैन्याने त्याला पकडलं. ओमाहाच्या न्यायालयात खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकिलाचं म्हणणं असं, की इंडियन हा कायद्याच्या लेखी ‘व्यक्ती’च नाही, तेव्हा सुटकेचा अर्ज करायचा त्याला हक्क नाही. न्यायाधीश एल्मर डंडी यांनी ते अमान्य केलं. इंडियन ही व्यक्ती आहे, असा निकाल त्यांनी दिला.

जनगणनेच्या प्रकरणात मी हा खटला का काढला, तर माणसं मोजण्याआधी माणूस कोणाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. अमेरिकेची जनगणना तिच्या राज्यघटनेतच सांगितली आहे. दर दहा वर्षांनी ती घ्यायची, आणि त्या आकड्यांवर प्रतिनिधिगृहातल्या जागा वाटायच्या. पहिली मोजणी १७९० साली झाली. त्या मूळ कलमात गुलाम माणूस तीन पंचमांश धरला होता, आणि कर न देणारा इंडियन मोजलाच जात नव्हता. ज्या जमिनीवर पुढे मोनोवाय उभं राहिलं, तिथले मूळ रहिवासी या देशाच्या शिरगणतीत फार काळ शून्य होते.

विसाव्या शतकाच्या तोंडावर रेल्वे या भागात आली आणि तिच्या मागोमाग गावं आली. मिडवेस्टमधली अशी असंख्य गावं नदीकाठ बघून किंवा बाजाराची वाट बघून वाढलेली नाहीत. ती रेल्वे कंपन्यांनी नकाशावर पट्टी ठेवून आखली. दोन स्थानकांत अंतर एवढंच ठेवायचं, की शेतकऱ्याने सकाळी धान्याची घोडागाडी भरून निघावं आणि दिवेलागणीला घरी पोचावं. म्हणजे गावांमधलं अंतर घोड्याच्या चालीवर ठरलं. स्थानक, धान्याचं कोठार, टपाल कचेरी, किराणा, चर्च, शाळा एवढं झालं की गाव पुरं. मोनोवाय असंच झालं. १९३०च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १२३ भरली.

घोड्याच्या हिशेबाने बसवलेल्या गावांचं पुढे काय झालं, हे सांगायला फार तत्त्वज्ञान लागत नाही. मोटार आली, आणि ज्या अंतराला दिवस लागे त्याला वीस मिनिटं लागू लागली. मग लहान गावातल्या दुकानात दोन पैसे जास्त कोण देणार? ट्रॅक्टर आला, आणि चार कुटुंबांची शेती एक कुटुंब कसू लागलं. त्यात १९३०च्या दशकातला दुष्काळ आणि मंदी. १९३५च्या सुमारास नेब्रास्कात १ लाख ३० हजारांहून अधिक शेतं होती, म्हणजे तेवढे शेतकरी संसार. २०१७च्या कृषिगणनेत ती ४६ हजारांच्या आसपास उरली, आणि एका शेताचं सरासरी आकारमान ९७१ एकर झालं. जमीन पडीक पडली नाही, पीक घटलं नाही, उलट वाढलं. फक्त त्याला माणसं लागेनाशी झाली. आपल्याकडे ओस पडलेल्या गावाची गोष्ट बहुधा पाणी, धरण किंवा मुंबईपाशी जाऊन थांबते. इथे गाव ओस पडलं ते शेती चांगली चालू लागल्यामुळे.

बॉइड काउंटीत १९१० साली आठ हजारांवर वस्ती होती. २०००मध्ये २,४३८, २०१०मध्ये २,०९९, २०२०मध्ये १,८१०. मोनोवायमधली उतरण आणखी तीव्र. १९६० साली तिथल्या चर्चमधून शेवटची अंत्ययात्रा निघाली, ती एल्सीबाईंच्या वडिलांची. १९६७मध्ये टपाल कचेरी बंद झाली, १९७४मध्ये शाळा. १९८०च्या जनगणनेत माणसं १८, १९९०मध्ये ६, आणि २०००मध्ये २, म्हणजे एल्सी आणि त्यांचे पती रूडी. २००४मध्ये रूडी वारले. महसुली दप्तरात ज्याला बेचिराग म्हणतात, त्याच्या एक पायरी अलीकडे गाव येऊन थांबलं.

सगळ्या मिडवेस्टची हीच कथा आहे असं मात्र समजू नये. त्याच नेब्रास्कात लेक्झिंग्टन नावाचं गाव आहे. १९९०मध्ये तिथे मांस प्रक्रियेचा प्रचंड कारखाना सुरू झाला, आणि साडेसहा हजारांचं गाव दहा वर्षांत दहा हजारांवर गेलं. आलेली माणसं मुख्यतः मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली, आणि २०१०मध्ये तिथली बहुसंख्य वस्ती हिस्पॅनिक होती. जर्मन, स्वीडिश, झेक वंशाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांचा मिडवेस्ट हे चित्र अजून पुष्कळ ठिकाणी खरं आहे, पण काउंटी बदलली की तेही बदलतं.

मोनोवायमध्ये उरलेल्या एकीचा कारभार पाहण्याजोगा आहे. एल्सीबाई गावाच्या महापौर आहेत, चिटणीस आहेत, खजिनदारही आहेत. गावात एकच धंदा चालतो, त्यांचं मोनोवाय टॅव्हर्न नावाचं खाणावळवजा दारूचं दुकान. रूडी आणि त्यांनी ते १९७१मध्ये चालवायला घेतलं. दारूच्या परवान्याचा कागद राज्याकडून गावाच्या चिटणिसाकडे येतो, म्हणजे अर्जदार त्या आणि सही करणाऱ्याही त्या. पाणी आणि रस्त्यावरचे चार दिवे चालू राहावेत म्हणून दरवर्षी गावातर्फे कर बसवला जातो, तो त्याच बसवतात आणि त्याच भरतात. राज्याचा निधी मिळावा म्हणून रस्त्यांचा वार्षिक आराखडाही पाठवतात. दुकानालगतच्या एका छोट्या खोलीत रूडींची पुस्तकं ठेवली आहेत, सुमारे पाच हजार. ते गावाचं वाचनालय, आणि अर्थातच ग्रंथपालही त्याच. माणशी पाच हजार पुस्तकं असलेलं दुसरं गाव जगात असेल असं वाटत नाही.

हा सगळा खटाटोप केवळ हौसेचा नाही. नेब्रास्कात आज नव्याने गाव नोंदवायचं तर किमान शंभर रहिवासी लागतात. एकदा नोंदणी मोडली, तर मोनोवाय परत गाव होणं नाही. कागद वेळेवर गेले, तोवर ते कायद्याने गाव आहे. त्याच काउंटीत ग्रॉस नावाचं आणखी एक गाव आहे, त्याची लोकसंख्या २०१०मध्ये २ होती. पण पूर्ण नोंदणीकृत आणि एकाच रहिवाशाचं असं गाव अमेरिकेत मोनोवायच, म्हणून जगभरचे पत्रकार तिथे जाऊन आले.

आता मोनोवायच्या लोकसंख्येची रचना बघू. अमेरिकेची जनगणना प्रत्येक गावासाठी ठरावीक तक्ते छापते, गाव केवढंही असो. २०१०चे मोनोवायचे तक्ते वाचताना हसू येतं. एकूण लोकसंख्या १. स्त्रिया १०० टक्के. गोरे १०० टक्के. अठरा वर्षांखालील शून्य. कुटुंबं १, आणि सरासरी कुटुंब १ माणसाचं. घनता चौरस किलोमीटरला दोनच्या जवळपास, म्हणजे गावात नसलेलं दुसरं माणूस इथे आधीच डोकावतं. मध्यक वय म्हणजे सगळ्या रहिवाशांना वयाप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधल्याचं वय. इथे ओळ एकाची, तेव्हा मध्यक वय म्हणजे एल्सी आयलर यांचंच वय.

हसून झाल्यावर लक्षात येतं, की त्या तक्त्यात आता सरासरी, प्रमाण, वितरण असं काही उरलेलं नाही. मुंबईत अमुक टक्के लोक भाड्याच्या घरात राहतात, या वाक्यातून कोणा एकाविषयी काही कळत नाही. मोनोवायविषयीचं असलं प्रत्येक वाक्य थेट एका बाईविषयी बोलतं. लोकसंख्या जसजशी घटते, तसतशी टक्केवारी माणसाच्या जवळ सरकत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे ती त्याच्या जनगणना फॉर्मची नक्कल होते. तो फॉर्म तर कायद्याने गुप्त आहे.

अमेरिकेच्या कायदेसंहितेचा तेरावा भाग जनगणनेचा. त्यानुसार कोणाही एका व्यक्तीची माहिती ओळखू येईल अशा रीतीने जाहीर करायला बंदी आहे. खात्यातला प्रत्येक कर्मचारी तशी शपथ घेतो, आणि ती नोकरी संपल्यावरही आयुष्यभर लागू राहते. मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एल्सीबाईंचं नाव, वय, धंदा जगाला माहीत आहे, त्यांनीच ते आनंदाने सांगितलं आहे, हा बचाव इथे चालत नाही. कायदा प्रसिद्धी पाहत नाही. आणि प्रश्न त्यांच्या एकटीचा नसतोच. २०१०च्या जनगणनेने देशाचे एक कोटी दहा लाखांहून अधिक तुकडे पाडले होते. त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि त्यातल्या कित्येकांत दोन-चारच माणसं असतात. एखाद्या ब्लॉकमध्ये एकच आशियाई कुटुंब, एखाद्यात घटस्फोटित बाईची दोन मुलं, एखाद्यात भाडेकराराबाहेर राहणारा आणखी एक जण. ही माणसं कोणाच्या पाटीवर नसतात, आणि त्यांची तशी इच्छाही नसते.

नावं न छापता नुसते आकडे छापले तर काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. पण बिघडल्याचा दाखला आहे. १९४२मध्ये जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून उचलून छावण्यांत डांबलं, तेव्हा कोणत्या वस्तीत ते किती आहेत याचे बारीक विभागवार आकडे सैन्याला जनगणना खात्यानेच पुरवले होते. नाव एकही दिलं नव्हतं, आणि त्या कामाला नावांची गरजही नव्हती. नंतर युद्धकाळातल्या एका कायद्याने गुप्ततेची तरतूदच तात्पुरती उठवली, आणि १९४३मध्ये वॉशिंग्टन भागातल्या काही लोकांची नावनिशीवार माहितीही दिली गेली. विल्यम सेल्ट्झर आणि मार्गो अँडरसन या दोन अभ्यासकांनी हे कागद पुढे उजेडात आणले. २०००मध्ये खात्याचे तेव्हाचे संचालक केनेथ प्रुइट यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

पुढे संगणकाने धोक्याचं रूप पालटलं. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं, की जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिन एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं बहुधा एकमेवाद्वितीय ठरतात. मग जनगणना खात्याने स्वतःच्याच घराला चोर लागतो का ते तपासलं. २०१०चे छापलेले तक्ते घ्यायचे, प्रत्येक तक्ता हे एक समीकरण मानायचं, आणि ती सगळी समीकरणं एकत्र सोडवून मूळ फॉर्म परत मिळतात का ते पाहायचं. देशातल्या जवळपास ३१ कोटी माणसांपैकी ४६ टक्क्यांचं वय, लिंग, वंश आणि ब्लॉक हे सगळं तंतोतंत जुळलं. बाजारात विकत मिळणाऱ्या याद्यांशी ताडून पाहिल्यावर १७ टक्के, म्हणजे पाच कोटींहून अधिक माणसं नावानिशी ओळखता आली. १९९०पासून खातं एक युक्ती वापरत आलं होतं. वेगळ्या पडणाऱ्या घरांची माहिती शेजारच्या भागातल्या घरांशी गुपचूप अदलाबदल करायची. तिचा उपयोग आता संपला, असा निष्कर्ष खात्याने काढला.

नवा उपाय सांख्यिकीतल्या एका जुन्या कल्पनेचा वंशज आहे. लोक लाजतील अशा प्रश्नाचं खरं उत्तर कसं मिळवायचं, यावर स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५मध्ये एक तोडगा सुचवला होता. त्याचं सोपं रूप असं. समजा, हजार लोकांना विचारायचं आहे की तुम्ही कर चुकवता का. प्रत्येकाने आडोशाला जाऊन नाणं उडवावं. छाप पडला तर खरं उत्तर द्यावं. काटा पडला तर पुन्हा उडवावं आणि छापाला ‘हो’, काट्याला ‘नाही’ म्हणावं, खरं काहीही असो. आता एखाद्याने ‘हो’ म्हटलं म्हणून त्याला धरता येत नाही, नाण्याने म्हणायला लावलं असं तो सांगू शकतो. पण हिशेब मात्र निघतो. हजारांत ३५० ‘हो’ आले, तर त्यातले सुमारे २५० नाण्याचे. उरलेले शंभर हे खरं बोलणाऱ्या अर्ध्या लोकांमधले, म्हणजे हजारांत साधारण दोनशे करबुडवे. एकेकाचं उत्तर धूसर, बेरीज स्वच्छ.

या कल्पनेला २००६मध्ये सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि अॅडम स्मिथ यांनी काटेकोर गणिती रूप दिलं. माझा फॉर्म यादीत असला काय नसला काय, छापलेल्या निकालावरून बघणाऱ्याला त्याचा फारसा फरक कळू नये, ही त्यांची अट. किती फरक कळू द्यायचा याला त्यांनी मोजमाप दिलं, आणि त्या मोजमापाला जणू अंदाजपत्रकासारखं वापरता येतं. जास्त गुप्तता हवी तर आकड्यांत जास्त गोंगाट मिसळायचा, जास्त अचूकता हवी तर कमी. २०२०च्या मतदारसंघ आखणीच्या तक्त्यांसाठी खात्याने हे अंदाजपत्रक १९.६१ ठरवलं. त्या आकड्याचा स्वतःचा अर्थ सामान्य वाचकाला लागणार नाही, मलाही तो पोटात उतरत नाही. महत्त्वाचं एवढं, की गुप्तता आणि खरेपणा यांच्यातला सौदा पहिल्यांदाच आकड्यात, उघडपणे मांडला गेला.

राज्यांची एकूण लोकसंख्या मात्र जशीच्या तशी ठेवली, कारण तिच्यावर संसदेतल्या जागा ठरतात. नेब्रास्काचे १९,६१,५०४ म्हणजे खरोखर मोजलेले तेवढेच. प्रत्येक ब्लॉकमध्ये घरं किती, तेही खरंच छापलं. राज्याच्या खाली, काउंटीपासून ब्लॉकपर्यंत, माणसांच्या प्रत्येक आकड्यात यंत्राने यदृच्छेने थोडी भर घातली किंवा थोडी घट केली, आणि मग सगळ्या बेरजा वरच्या पातळीशी जुळवून आणल्या.

मोनोवाय सापडतं ते इथे. हजारांच्या गावात दोन-तीन इकडेतिकडे झाले तर कोणाला कळत नाही. एकाच्या गावात एक म्हणजे दुप्पट. शिवाय या पद्धतीत एक खोच आहे. मिसळलेला गोंगाट कधी अधिक असतो, कधी उणे. पण लोकसंख्या उणे दोन असं तर छापता येत नाही. म्हणून जे आकडे शून्याखाली जातात ते उचलून शून्यावर आणावे लागतात, आणि बेरीज जुळण्यासाठी तेवढी माणसं मोठ्या आकड्यांतून कमी करावी लागतात. परिणाम असा, की अगदी लहान वस्त्या सरासरीने थोड्या फुगतात आणि मोठ्या थोड्या आकसतात. मोनोवायची वाढ त्या झुकावाला धरूनच आहे. गावात नक्की किती मोजले, एक की आणखी काही, हे खातं अधिकृतपणे सांगू शकत नाही, कारण सांगितलं की झाकलेलं उघडं पडतं. एल्सीबाई सांगू शकतात. त्यांनी शपथ घेतलेली नाही.

विनोद याहून मोठे झाले. शिकागो शहरात, नदीच्या वळणावर एक ब्लॉक आहे, जिथे पाण्याखेरीज काही नाही. २०२०च्या जनगणनेप्रमाणे तिथे १४ माणसं राहतात. आणखी काही ब्लॉकमध्ये लहान मुलं राहतात पण एकही मोठं माणूस नाही. खात्याचं म्हणणं, एका ब्लॉकचा आकडा एकटा वाचूच नका, चार ब्लॉक मिळून वाचा, चुका एकमेकींना खातील. सल्ला योग्य आहे. पण मोनोवायने काय मिळवायचं? ते गाव आहे, त्याची हद्द आहे, आणि त्याला महापौर आहे.

या पद्धतीवर अभ्यासकांत जुंपली, ती अजून पुरती शमलेली नाही. मिनेसोटा विद्यापीठातले इतिहासकार स्टीव्हन रगल्स यांनी खात्याच्या प्रयोगालाच आव्हान दिलं. त्यांचा मुद्दा साधा आहे. एखाद्या ब्लॉकमधल्या माणसांची वयं आणि लिंगं नुसत्या अंदाजाने भरली तरी बरीचशी जुळतात, कारण माणसं अशीही एकमेकांसारखी असतात. तेव्हा ४६ टक्के जुळले यात दचकण्यासारखं काय, आणि त्या भीतीपोटी देशभरचे लहान आकडे बिघडवायचे कशाला? अॅलाबामा राज्य २०२१मध्ये न्यायालयात गेलं, पण ते अडवू शकलं नाही. खात्याचे मुख्य शास्त्रज्ञ जॉन अबाउड शेवटपर्यंत म्हणत राहिले, की कायद्याने गुप्ततेचं वचन दिलं आहे, आणि ते पाळायचं तर यापेक्षा सिद्ध झालेला दुसरा मार्ग नाही.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंचं गणित बरोबर आहे, आणि भार मात्र लहान गावांवर पडला. शहराला या गोंगाटाचा उपद्रव नाही. पन्नास-शंभरांच्या गावाला मात्र आपल्याकडे मुलं किती, म्हातारी किती हे कळण्याचं दहा वर्षांतून एकदा येणारं साधन यातून भोथरं झालं. मधल्या वर्षांत खातं सुमारे ३५ लाख घरांची वार्षिक नमुना पाहणी करतं, पण एवढ्या लहान गावाच्या बाबतीत तिच्यातली संभाव्य चूक अनेकदा मूळ आकड्याहून मोठी असते. उंबऱ्यावर जाऊन केलेल्या मोजणीतही घोळ होतातच म्हणा. २०००च्या जनगणनेत वायोमिंगमधल्या लॉस्ट स्प्रिंग्ज गावाची लोकसंख्या १ निघाली, तेव्हा तिथल्या महापौरांनी आम्ही चार जण आहोत असं सांगून आक्षेप घेतला. त्या चुकीत निदान कोणी जाणूनबुजून हात घातला नव्हता.

२०२०चे खरे फॉर्म नष्ट झालेले नाहीत. अमेरिकेत जनगणनेचे मूळ कागद ७२ वर्षांनी खुले होतात. १९५०चे २०२२च्या एप्रिलमध्ये झाले. त्या वर्षी मोनोवायमध्ये कोण राहत होतं, कोणाचं वय किती, कोण काय काम करत होतं, हे आज कोणीही घरबसल्या नावानिशी वाचू शकतो. १९६०चे २०३२मध्ये उघडतील, आणि मग क्रमाने गाव रिकामं होत गेल्याची सगळी पानं. २००० आणि २०१०च्या पानांना अनुक्रमे दोन आणि एक नाव असेल. २०२०चं पान उघडेल २०९२मध्ये, आणि त्यावर मात्र गोंगाट नसेल.